दहा बोकडांचा वायदा

बीडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकोणीस वर्षं वाणिज्य शिकवतो. माझ्या वहीत 'वायदे बाजार' नावाचं साडेसात पानांचं प्रकरण आहे. माल आज नाही, पण भाव आज ठरवायचा आणि ठरल्या तारखेला त्याच भावानं द्यायचा-घ्यायचा, म्हणजे वायदा. दरवर्षी फेब्रुवारीत मी हे प्रकरण दोन तासांत उरकतो, चार मार्कांचा प्रश्न लिहून देतो आणि खडू झटकून बाहेर पडतो. एकोणीस वर्षांत कोणी शंका विचारली नाही. याचा अर्थ मी फार चांगलं शिकवतो, असा मी लावून घेतला होता.

हा समज माझा मेहुणा मुजाहिद यानं एका शुक्रवारी जेवताना घालवला. मुजाहिदचं बसस्टँडजवळ गॅरेज आहे. बोटांचं ग्रीस त्याच्या कधीच पूर्ण निघत नाही, आणि त्याच बोटानं तो माझ्याकडे रोखून बोलतो. तो म्हणाला, "दुल्हाभाई, मी पोरायला इंजिन शिकवतो ते इंजिन खोलून शिकवतो. तुमी वायदा कदी खोलून बगितला का?" माझी बायको अनिसा पोळी वाढता वाढता थांबली. मी मीठ मागितलं.

माणसाचा अपमान झाला की तो अभ्यासाला लागतो. मी आठ दिवसांत या विषयावरचे सहा सिनेमे मोबाईलवर पाहिले. साही सिनेमांत टाय सैल केलेला एक माणूस दोन फोनवर एकाच वेळी ओरडतो, मध्यंतराच्या आसपास समुद्रासमोर बंगला घेतो आणि शेवटी पोलीस तरी येतात नाहीतर तो त्याच समुद्राकडे चालत जातो. अनिसा म्हणाली, "आपल्याकडं समुद्र न्हाई, म्हणजे निम्मी काळजी गेली." मग मी एक जाड पुस्तक मागवलं. त्यात एकेक सल्ला एकेक पानभर होता. तोटा दिसला की ताबडतोब बाहेर पडा, भावनांना दाराबाहेर ठेवा, वगैरे. मी हिरव्या पेनानं खुणा केल्या.

आता पैशांचा प्रश्न. पैसे अनिसाकडे होते. भिशीतून साठवलेले, वरच्या खोलीच्या स्लॅबसाठी. मी ते मागितले. तिसऱ्या दिवशी तिनं अटी सांगितल्या. जे घ्यायचं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. ते जिल्ह्यातल्याच तलवाडा गावाच्या पलीकडचं नसावं. आणि सगळं बुडालंच तर निदान ते खाता आलं पाहिजे. हे सगळं कोणत्याही पुस्तकात नव्हतं, पण या अटींत बसणारी वस्तू मला लगेच सापडली. बकरी ईदचा बोकड. फेब्रुवारीत दहा हजारांचा बोकड ईदच्या आठवड्यात अठरा हजारांना जातो आणि दरवर्षी मीच मूर्खासारखा शेवटच्या दोन दिवसांत जाऊन घेतो.

तलवाड्याच्या शिवारात सिदू नावाचा मेंढपाळ आहे. आमचा बोकड दरवर्षी त्याच्याकडचाच. मी त्याच्याकडे गेलो आणि टाय नसल्यामुळे शर्टाचं वरचं बटण सैल करून त्याला साडेसात पानं समजावून सांगितली. सिदू ऐकत होता. त्याची बायको ताराबाई चूल फुंकत ऐकत होती. त्यांची मुलगी संगीता दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करत दाराशी बसली होती, तीही ऐकत होती. सगळं झाल्यावर सिदूनं एकच विचारलं, "म्हंजे जूनला मला किती भेटतील ते आत्ताच ठरतंय?" मी हो म्हणालो. 

संगीताला अकरावीला बीडला जायचं होतं. क्लास आणि वसतिगृह मिळून एक लाख चाळीस हजार, जूनच्या पहिल्या आठवड्यात भरायचे. सिदूनं तिला अजून होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. ईदला काय भाव मिळेल ते ईद आल्याशिवाय कळत नाही, आणि नाही मिळाला तर हो म्हणून पोरीला तोंडघशी पाडायचं का, हा त्याचा पेच होता. संगीतानं वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि म्हणाली, "दहा बोकडं, चौदा हजारानं." भाव मागणी आणि पुरवठ्यानं ठरतो असं मी एकोणीस वर्षं शिकवतोय. इथे तो फीला दहानं भागून ठरला. मी वीस हजार इसार दिला, बाकी एक जूनला माल घेताना. सिदूनं नोटा ताराबाईकडे दिल्या आणि संगीताकडे न बघता म्हणाला, "कर मग अभ्यास."

व्यवहार कागदावर पाहिजे, हा माझा आग्रह. पाचशेचा स्टॅम्प आणि सिदूला घेऊन मी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडे गेलो. त्यानं विचारलं, प्लॉट की शेती. मी म्हणालो, बोकड. त्यानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्याच्या संगणकात घराचा, जमिनीचा आणि ट्रॅक्टरचा नमुना होता, बोकडाचा नव्हता. शेवटी जमिनीच्याच नमुन्यात भरायचं ठरलं. त्यामुळे आमच्या करारात 'सदर दहा बोकड यांची चतुःसीमा' आली : पूर्वेस सिदूचं घर, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट आणि दक्षिणेस गायरान. शिवाय 'सदर बोकडांवर कोणाचाही वहिवाटीचा हक्क नाही' असंही वाक्य होतं. मी काढायला सांगितलं, तर तो म्हणाला, नमुना बिघडतो. सिदूनं अंगठा उमटवायला हात पुढे केला, मग संगीतानं शिकवल्याचं आठवून तीन मिनिटं घेऊन सही केली.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट सांगण्यासारखी झाली नसती. पण मुजाहिदच्या गॅरेजवरच्या खोलीत उत्तरेश्वर नावाचा गृहस्थ राहतो. आधी तो टंकलेखन शिकवायचा, मग योगासनं. सध्या चार हजारांना 'ट्रेडिंग सिस्टिम' विकतो. मोबाईलमध्ये भाव भरायचे, हिरवा बाण आला तर थांबायचं, लाल बाण आला तर बाहेर पडायचं. मी ती घेतली. अडचण अशी निघाली की मालाच्या यादीत बोकड नव्हता. उत्तरेश्वरनं जरा विचार करून बोकड 'कच्चं तेल' या सदरात टाकला. तेव्हापासून मला रोज सकाळी आखाती देशांतल्या जहाजांच्या बातम्या येऊ लागल्या आणि मी दाढी करता करता त्यांचा तलवाड्यावर काय परिणाम होईल याचा गंभीरपणे विचार करू लागलो.

दर आठवड्याला सिदू फोनवर बाजाराचा भाव सांगायचा. मी तो मोबाईलमध्ये भरायचो आणि व्हरांड्याच्या भिंतीवर लावलेल्या आलेखाच्या कागदावर ठिपकाही द्यायचो. मार्चमध्ये ठिपका वर गेला. अकरा, मग साडेअकरा. माझी चाल बदलली. स्टाफरूममध्ये मी चहा घेताना डावा हात खिशात ठेवू लागलो. एप्रिलमध्ये मात्र बाहेरच्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून बोकड उतरले आणि भाव पडला. दहा. साडेनऊ. सकाळी मोबाईलवर लाल बाण आला.

आमच्या गल्लीत सटवाकाका राहतात. तहसिलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण सल्ला देण्यातून निवृत्त झाले नाहीत. त्यांनी हिशोब मांडला : साडेनऊचा बोकड चौदाला घ्यायचा म्हणजे दहामागे पंचेचाळीस हजार खड्ड्यात, त्यापेक्षा वीस हजार इसार सोडून द्या आणि मोकळे व्हा. मुजाहिद म्हणाला, कागदच जमिनीचा आहे, कोर्टात उभा राहणार नाही. पुस्तकात हिरव्या खुणेखाली लिहिलं होतं, ताबडतोब बाहेर पडा. सगळं जग एका बाजूला होतं. अनिसा भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "संगीताला काय सांगणार?" मी म्हणालो, व्यवहारात भावना दाराबाहेर ठेवायच्या असतात. ती उठून भाजी घेऊन आत गेली. मी दाराबाहेरच राहिलो.

रविवारी मी बाजाराच्या गावी गेलो. सिदू तिथे असतोच, त्याला समोरासमोर सांगून करार मोडायचा, इसार सोडायचा आणि पाच वाजेपर्यंत घरी, असा बेत होता. बाजारात सिदू दिसेना, म्हणून मी धर्मराजला गाठलं. धर्मराज हेडी आहे, म्हणजे जनावरांचा दलाल. त्याला मी खालच्या आवाजात सांगितलं की सिदूकडचे दहा बोकड मी चौदानं ठरवलेत आणि आता मला ते नकोत, तर आजचा नेमका भाव काय आहे. धर्मराज म्हणाला, भाव असा तोंडानं सांगत नसतात, हात द्या.

जनावरांच्या बाजारात भाव उपरण्याखाली बोलतात. दोघांनी हात धरायचा, वरून उपरणं टाकायचं आणि बोटं दाबून आकडे सांगायचे, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळत नाही. हे मला माहीत होतं. मला हे माहीत नव्हतं की ऐकायचं असेल तर आपला हात मेल्यासारखा ठेवायचा असतो. धर्मराजनं चार बोटं दाबली. मला वाटलं तो नग किती ते विचारतोय, म्हणून मी दहा सांगायला पूर्ण पंजा दोनदा दाबला. तो हसला. मला शंका आली, म्हणून नको-नको अशा अर्थानं मी दोन बोटं हलवली. त्यानं उपरणं ओढलं, माझ्या तळहातावर टाळी दिली आणि दुसऱ्या हातातली दोरी माझ्या हातात ठेवली. दोरीच्या टोकाला दाढीवाला एक भलाथोरला बोकड होता. पंजा दोनदा म्हणजे दहा आणि वर दोन, असा तो मी बारा हजारांना घेतला होता.

मी पुष्कळ समजावून सांगितलं. वर्गात मी इतकं स्पष्ट कधी बोललो नसेन. धर्मराज शांतपणे म्हणाला, "सर, बोटं तुमचीच हुती न्हवं?" भोवती दहा-बारा माणसं जमली होती. उपरण्याखालचा सौदा या बाजारात कोणी मोडलेला कोणाच्या बापानं पाहिला नाही, हे मला तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं. कागद नाही, सही नाही, साक्षीदारांना आकडा माहीत नाही, तरी मोडत नाही. मी फोनवरून पैसे पाठवले.

तेवढ्यात मागून सिदूचा आवाज आला, "सर, हितं कावून?" माझ्या हातात दोरी, दोरीला बोकड, आणि तोंडात जुळवून आणलेलं वाक्य. सिदूनं बोकडाचे दात पाहिले, पाठीवर हात फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, दहा ठरवून वर सर अजून खरेदी करतायत, म्हणजे गडी पक्का आहे. मग त्यानं सांगितलं की इसाराच्या वीस हजारांत त्यानं वसतिगृहाची जागा धरून ठेवली. पावती संगीतानं दप्तरात ठेवली आहे आणि दिवसातून दोनदा काढून बघते. मी म्हणालो, भाव बघायला आलो होतो. करार मोडायला गेलो आणि अकरावा बोकड घेऊन आलो.

परतीच्या एसटीत नवा प्रसंग उभा राहिला. बोकडाचं तिकीट कसं काढायचं यावर कंडक्टर अडला. सामान म्हणावं तर ते उभं होतं आणि प्रवासी म्हणावं तर त्याला दाढी असूनही वय सांगता येत नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, शेळी असती तर बाईमाणूस म्हणून अर्ध्या तिकिटात गेली असती, तुमाला बोकडच कशाला पायजे हुता. अख्खी बस या मुद्द्यावर दोन थांबे बोलत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. महाविद्यालयातल्या एका पालकांनी मला ओळखून नमस्कार केला. मी दोरीसकट हात जोडले.

अकरावा बोकड व्हरांड्यात बांधला. त्यानं पहिल्या आठवड्यात पुस्तकाचं सातवं प्रकरण खाल्लं, तोटा कापण्याचं. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरच्या आलेखाचा कागद खाली लोंबत होता, त्याचा एप्रिलचा उतरता भाग खाल्ला. उरला तो मार्चचा चढता. उत्तरेश्वरच्या सिस्टिममध्ये बाण लालच होता. बोकडाचं बरोबर निघालं. मेच्या मध्यावर मोठे व्यापारी आले, बाजार उचलून घेऊन गेले आणि भाव सुटला. चौदा, सोळा, अठरा. संगीताचा निकाल लागला, शहाऐंशी टक्के. महिनाअखेरीला बोकड एकोणीसवर गेला.

मी खूश व्हायला हवं होतं. पण आता वेगळाच घोर लागला. सिदू कशाला देईल? बाजारात एकोणीस मिळत असताना चौदाला कोण देतं? सटवाकाका कागद वाचून म्हणाले की यात चतुःसीमा आहे, बोकड ओढ्यापलीकडं गेले की करार लागू नाही. मुजाहिद म्हणाला, दोन माणसं घेऊन जाऊ आणि उचलून आणू. मला सिदूला फोन करवेना. कोणत्या तोंडानं करणार? साडेचार हजार कमी झाले तेव्हा मीच पळायला निघालो होतो. एप्रिलमध्ये माझं जे झालं तेच मेमध्ये त्याचं झालं तर त्याला मी काय म्हणू? खरं सांगतो, त्या आठवड्यात मला माझी लाज वाटत होती आणि तरीही रोज सकाळी मी धर्मराजला भाव विचारत होतो.

एक जूनला सकाळी नऊ वाजता गल्लीत टेंपो शिरला. आत दहा बोकड, सिदू आणि संगीता. सिदूनं एकेक बोकड हातानं उतरवला, प्रत्येकाचे दात उघडून मला दाखवले. मी म्हणालो, "सिदू, बाजारात एकोणीस चाललाय." तो म्हणाला, म्हाईत हाय. वाटेत टेंपोवाल्यानंच एकोणीस द्यायची तयारी दाखवली होती. मी म्हणालो, "मग?"

सिदूनं दोऱ्या माझ्या हातात दिल्या. "सर, तुमी चौदा बोल्लात म्हून मी पोरीला हो बोल्लो. तिनं त्या होवर अभ्यास केला. आता बोकड म्हाग झालं म्हून तो हो माघारी घ्यायचा का?"

 मग न राहवून मी एप्रिलचं सगळं सांगून टाकलं. बाजारात मी भाव बघायला नाही, करार मोडायला आलो होतो. सिदू म्हणाला, धर्मराजनं त्याच दिवशी सांगितलं होतं. "घाबरला असताल. मी बी लई घाबरलो, टेंपोवाला एकोणीस म्हनला तवा. दोनदा टेंपो थांबवला. पण संगी बसली हुती ना शेजारी." संगीता जमिनीकडे बघत होती. एकोणीस वर्षं मी जोखीम म्हणजे काय ते फळ्यावर लिहीत आलो, आणि ती कमी झाली की माणसाला काय करता येतं हे मला त्या सकाळी कळलं. डोळे भरून आले ते मी बोकडांच्या नावावर घातले, धूळ फार उडवतात म्हणून.

राहिलेले पैसे अनिसानं मोजून दिले आणि पुढचा व्यवहार स्वतःकडे घेतला. एक बोकड घरासाठी ठेवून बाकीचे नऊ तिनं दोन दिवसांत दारातूनच विकले, फोन एक, ओरडणं शून्य. वरच्या नफ्याचे तिनं सरळ दोन भाग केले. सिदू त्याचा भाग घेईना. करारात नाही, म्हणाला. अनिसानं वाद घातला नाही. बाजारात जाऊन तिनं सायकल, गादी, पंखा, पुस्तकं आणि उरलेल्यातून डब्याचं वर्षभराचं सामान घेतलं आणि सगळं थेट वसतिगृहावर टाकून आली. दाढीवाला अकरावा मात्र सिदू घेऊन गेला. सगळे नर विकल्यामुळे कळपाला त्याची गरज होती आणि आमच्या व्हरांड्यात खाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संगीताला वसतिगृहावर सोडायला आम्ही सगळे गेलो. सायकल पाहून सिदू जरा रागावलाच. "भाभी, हे ठरल्यालं नव्हतं." अनिसा म्हणाली, "ठरवलं तुमी आन सरांनी. माझं मला ठरवू द्या." संगीतानं गादी खांद्यावर घेतली, फाटकातून आत दोन पावलं गेली आणि वळली. अकरावीच्या फीचं झालं, बारावीची फी पुढच्या जूनला भरायची होती.

"सर," तिनं विचारलं, "पुढच्या वर्षीचा भाव काय धरू?"

मी सिदूकडे पाहिलं. अनिसा म्हणाली, सतरा. सिदूला धक्का बसला. एवढे कुठं असतात का, पंधरा लई झाले. अनिसा म्हणाली, चारा महागलाय, सतराच्या खाली आम्ही घेणार नाही. सिदू म्हणाला, पंधराच्या वर एक रुपया घेनार न्हाई. मी सोळा म्हटलं तर दोघंही माझ्यावर आले. घेणारी वर ओढतेय आणि देणारा खाली, असा सौदा मी कुठल्या सिनेमात, पुस्तकात की सिस्टिममध्ये पाहिलेला नाही. आवाज इतके चढले की पहारेकरी काठी आपटत आला आणि भांडायचं असेल तर रस्त्याच्या पलीकडे जा म्हणाला.

शेवटी संगीतानंच गादी खाली ठेवली. "साडेपंधरा," ती म्हणाली, आमच्यापैकी कोणाचंही न ऐकता गादी पुन्हा उचलली आणि खोल्यांची यादी बघायला आत गेली.